सुकट्याचं कुंपण

कोन, पनवेल
५ नोव्हेंबर २००९

निनाद,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत. ते लिहिले नाहीत तरी तुझ्यापर्यंत पोचतात असं मी धरून चालते.

खोका मिळाला. काल दुपारी कुरियरवाला गेटबाहेर उभा राहून हाका मारत होता. आत यायला तयार नव्हता, कारण सुकट्या. खोक्यावर अमेरिकेतल्या कुठल्याशा दुकानाचं नाव, खाली माझं नाव आणि पत्ता. पाठवणाऱ्याचं नाव नाही, आत चिठ्ठी नाही. पण अमेरिकेत मला खोका पाठवणारं तुझ्याशिवाय आहे कोण? दोन वर्षांचा अबोला मोडायला तू हा रस्ता शोधलास, यावर हसावं की रडावं ते कळेना, म्हणून आधी चहा टाकला.

आत तारेचं भलंमोठं भेंडोळं, भिंतीवर लावायची एक पेटी, कुत्र्याच्या गळ्यातला काळा पट्टा आणि काडीला लावलेले पन्नास पांढरे झेंडे. माहितीपुस्तक दोनदा वाचलं. तार आवाराच्या कडेने जमिनीत पुरायची. पट्टा घातलेला कुत्रा तारेजवळ गेला की पट्टा आधी टीट टीट करतो. तरीही तो पुढे गेला तर गळ्याला विजेचा चिमटा. म्हणजे कुंपण आहे, पण दिसत नाही. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं घासली, बोर्डावर आणि दुरुस्तीतही, म्हणून मला समजलं. शेजारची कुणी असती तर तारेवर कपडे वाळत घातले असते.

सगळ्यात काय आवडलं सांगू? आपली वीज तिकडच्या दुप्पट दाबाची. ही पेटी थेट आपल्या प्लगात लावली असती तर धूर निघाला असता. तू त्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर घातलास, गोल पिनांचा जोड घातलास, आणि ते दोन्ही पेटीलाच टेपने बांधून टाकलंस, मी घाईत विसरू नये म्हणून. शाळेत जाताना तुला डबा घ्यायचं लक्षात राहत नसे. हे एवढं लक्ष तुझ्यात कधी आलं?

आता मला न सुटणारी गोष्ट. सुकट्याचं इथे काय चाललंय हे तुला कळलं कसं? मी तर कळवलं नव्हतं. कळलंच आहे तर सांगते. दिवाळीच्या आधी तो रस्त्यावर गेला आणि दादूच्या कल्पेशच्या मोटारसायकलमागे लागला. कल्पेश पडला. थोडं खरचटलं. दादू म्हणजे आपल्या पलीकडचा, बाबांबरोबर संध्याकाळी गप्पा मारत बसायचा तो. तो येऊन सांगून गेला, "बाई, आनखी एकदा रस्त्याव दिसला तं आमी त्याला तलोज्याला नेऊन सोरनार." तळोज्याला कारखान्यांच्या मागे लोक कुत्री सोडतात. तिथून परत आलेलं एकही मी बघितलेलं नाही.

मी त्याला बांधून पाहिलं. दोन दिवस जेवला नाही. तू म्हणशील, एक गावठी कुत्रा, त्याचं एवढं काय. तुम्ही दोघं इथे होतात तेव्हा तुझ्या बायकोने (आता तिला काय म्हणायचं ते मला कळत नाही) गटाराशी सापडलेलं ते पिल्लू आणलं. कोळीणबाईंनी त्याच्या बरगड्या बघून सुकट्या नाव ठेवलं. पुढे तू गेलास, ती गेली, बाबा गेले. आता घरात माझ्या पावलांच्या आवाजाने मान वर करणारा तेवढा एकच आहे. म्हणून तो मला हवा आहे.

तुझी
आई


१४ नोव्हेंबर २००९

निनाद,

तार पुरून झाली. चार दिवस खुरपं आणि कुदळ घेऊन बसले होते. पावसानंतर इथला मुरूम कसा दगड होतो ते तू विसरला असशील. तार सलग फिरून पुन्हा पेटीपाशी यायला हवी, मध्ये कुठे तुटली तर पेटी बोंब मारते. पेटीपासून आवाराच्या कडेपर्यंत मात्र दोन्ही तारा एकमेकींत पिळून न्यायच्या. पिळलेल्या भागात कुत्र्याला काही होत नाही. आमच्या केबलींत हेच तर होतं! साठी उलटल्यावर आपली विद्या कुत्र्याच्या कामी येईल असं वाटलं नव्हतं. वीज जाते तेव्हासाठी पेटी इन्व्हर्टरवर घेतली आहे. इथे अजून रोज तीन तास जाते.

मागच्या पत्रात मी लिहिलं की कल्पेशला थोडं खरचटलं. तसं नाही. त्याचा हात मोडला आहे, प्लास्टर आहे. तळोज्यात कंत्राटावर आहे तो, सहा आठवडे घरी बसणार. तुला कशाला उगाच, म्हणून लिहिलं नाही. पण तुला काहीतरी कळलेलंच आहे, तर अर्धवट कशाला.

झेंड्यांची गंमत ऐक. पुस्तकात लिहिलंय की तार दिसत नाही, म्हणून सुरुवातीला कुत्र्याला हद्द कळावी यासाठी तारेवर दर चार पावलांना एक झेंडा रोवा. मी सकाळी सगळे रोवले. आवार कसं छान दिसत होतं, पंधरा ऑगस्टसारखं. चहा घेऊन बाहेर आले तर रस्त्यावर पंधरा-वीस माणसं. पुढे दादू.

"बाई, मोजनीला कोन आलतं?"

"कोणी नाही."

"मंग हे झेंडं कुनाचं?"

"माझे आहेत. कुत्र्यासाठी."

कुणी हसलं नाही. दादू म्हणाला, "आमच्या खारीवरच्या शेतान बी असंच झेंडं लावलंतं. तवा बी साहेब बोलला, काय नाय, नुसता बगतो. दोन वर्सान शेत गेला." मागून कुणी म्हणालं की बाईंनी आपली जागा दिली, आता रस्ता इकडूनच येणार. दुसरा म्हणाला, रस्ता नाही, विमानं. मी पेटी दाखवली, पुस्तक दाखवलं. इंग्रजी पुस्तक बघून संशय जास्तच वाढला. साहेबाच्या हातातही इंग्रजीच कागद होते ना.

शेवटी मी पट्टा आणला, त्याची दोन धातूची टोकं तळहातावर धरून मूठ आवळली आणि सगळ्यांच्या देखत तारेवरून चालत गेले. टीट टीट झालं आणि पुढच्या पावलाला असा चिमटा बसला की दुसऱ्या हातातली कपबशी गेली. बायका हसल्या. मग दादूने पट्टा मागून घेतला. त्यानेही खाल्ला, आणि वर म्हणाला, "लय नाय." त्यानंतर रांगच लागली. अर्ध्या तासात कोनमधल्या निम्म्या पुरुषांनी माझ्या कुत्र्याचा चिमटा खाल्ला. जाताना दादूने बजावलं, झेंडे तेवढे काढा. दुसऱ्या दिवशी उठून बघते तर ते आधीच कुणीतरी उपटून गेटपाशी नीट रचून ठेवलेले. त्यांचा राग करावा की नाही, कळत नाही. मोजणीचा झेंडा बघून आपली जमीन आठवणाऱ्याला मी काय बोलणार?

आता झेंड्यांशिवाय, गेट उघडं ठेवून, सुकट्याला शिकवायचं आहे.

तुझी
आई


२६ नोव्हेंबर २००९

निनाद,

तुझं पत्र नाही. टपालाला दोन आठवडे लागतात हे मला माहीत आहे, पण खोका पाठवणारा माणूस फोनही करू शकतो हेही माहीत आहे.

सुकट्या शिकतोय. काय शिकतोय ते मला नक्की सांगता येणार नाही. पहिला चिमटा बसला तेव्हा तो ओरडला नाही. त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं, मग तुळशीकडे, मग स्वतःच्या शेपटीकडे. कुणी मारलं ते त्याला कळेना. तुळशीवर दोनदा भुंकला आणि येऊन माझ्या पायांत बसला. त्याला समजावून सांगायची काही सोय नाही. मी तरी त्याच्याहून काय वेगळी आहे? मला मधूनमधून चिमटा बसतो, कुठून बसला तेवढं कळत नाही.

कृष्णाबाई रस्त्यावरून हे बघत होती. कृष्णाबाई म्हणजे दादूची बायको, सुकट्याचं बारसं करणारी कोळीणबाई. मोरा बंदराला तिचं माहेर, तिकडूनच मासळी आणते. आठ वर्षं ती आपल्या ओट्यावर टोपली टेकून बसायची, मला बांगडे निवडून द्यायची आणि डोकी सुकट्याला टाकायची. कल्पेश पडल्यापासून ती आत येत नाही. रस्त्यापलीकडे बसते आणि तिथूनच विकते. मला हाक मारत नाही. मी गेले तर भाव सांगते, बाकी काही नाही. विचारलं तर म्हणाली, "तुमच्या जमिनीन करंट हाय." त्या दिवशी मात्र तिच्याच्याने राहवलं नाही.

"ज्यानं मारला तो दिसला पायजे, बाई. नाय तं तो समद्यांना भिल."

 संध्याकाळी सुकट्या माझ्या हातालाही दचकला.

दहा दिवसांत तो हद्द शिकला. टीट टीट झालं की मागे फिरतो. पोरांमागे नाही, मोटारसायकलमागे नाही. मी खूश होते. काल सकाळी कृष्णाबाईने रस्त्यापलीकडे टोपली उतरवली. हा कडेला उभा राहून कण्हायला लागला. ती म्हणे, "ये नको, ये नको." तिचा आवाज ऐकून हा आणखीनच वेडा झाला. एकदम धावत सुटला, चिमटा खाऊन, केकाटत, सरळ रस्ता ओलांडून तिच्या मांडीत. समोरून टेम्पो येत होता, त्याने कसाबसा ब्रेक मारला.

तो दादूच्या भाच्याचा टेम्पो होता. आत दादू बसलेला. तो काही बोलला नाही, खाली उतरून गेला. त्याचं न बोलणं मला कळतं. उद्या किंवा परवा तो दोरी घेऊन येणार.

मी चाळीस यंत्रांचे दोष शोधले असतील आयुष्यात. या यंत्रात दोष नाही. तार सलग आहे, पट्टा चालतो, वीज आहे. तरी कुत्रा बाहेर गेला. मी बसून विचार करते आहे. एक गोष्ट तुला लिहायची आहे, पण आज नाही.

तुझी
आई


१३ डिसेंबर २००९

निनाद,

ती गोष्ट लिहिते.

दिवाळीच्या आधी सुकट्या आपणहून बाहेर गेला नव्हता. रोज पहाटे गेट मीच उघडत होते. त्याला पाय मोकळे करू देत, मला फिरवायला होत नाही, गुडघे दुखतात. अर्ध्या तासाने तो येतो. त्या दिवशी कल्पेश रात्रपाळी करून घरी येत होता. दादू विचारायला आला तेव्हा मी म्हटलं, कडी लावलेली होती, कुत्र्याने कशी काढली देव जाणे. दादूने कडीकडे बघितलं. ती कडी कुत्र्याला काय, मलाही दोन्ही हातांनी काढावी लागते. तो काही बोलला नाही. बाबांचा मान ठेवला असेल. कृष्णाबाई आत यायची थांबली ती तेव्हापासून. करंट नंतर आला.

तर गेल्या महिन्यात, माझ्या त्या पत्रानंतर दोनच दिवसांनी, दादू आणि कल्पेश टेम्पो घेऊन आले. कल्पेशच्या गळ्यात अडकवलेला हात. दादूच्या हातात दोरी आणि पोतं. कृष्णाबाई मागे रस्त्यावर उभी. सुकट्या शेपूट हलवत कल्पेशकडे गेला, त्याला काय माहीत.

दादू म्हणाला, "बाई, बोल्लो होतो तुमाला."

मी म्हटलं, "दादू, थांबा. गेट मी उघडलं होतं. त्या दिवशीही, आणि रोजच. मी तुमच्याशी खोटं बोलले."

 कल्पेश माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला म्हटलं, "तुझा हात माझ्यामुळे मोडला. कुत्र्याला नेऊन काही होणार नाही. तुला काय म्हणायचं ते मला म्हण."

 बोलली कृष्णाबाई, रस्त्यावरून, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी. "आमाला ठाव नव्हता काय? कडी आमी बगितली नाय? आमी वाट बगत होतो, बाई कवा बोलतान." मग पाच मिनिटं ती मला जे जे बोलली ते मी लिहीत नाही. सगळं खरं होतं. शिकलेल्या बाईने असं करावं, हे तिने चारदा म्हटलं. मी ऐकून घेतलं. 

बोलून झाल्यावर ती टोपली उचलून सरळ आत आली. तारेवर आली तेव्हा तिने डोळे मिटले आणि लुगडं वर धरून, नाला ओलांडावा तशी उडी मारली. काही झालं नाही, पट्टा तिच्या गळ्यात थोडाच होता. ओट्यावर बसली आणि सुकट्याला बांगड्याचं डोकं टाकलं. दादू दोरी गुंडाळत म्हणाला, "पट्टा कारू नका त्याचा." आणि गेले.

आता ती रोज ओट्यावर येते, त्यामुळे सुकट्याला बाहेर जायचं कारण उरलेलं नाही. पंधरा दिवसांत त्याने एकदाही हद्द ओलांडली नाही. कल्पेशला डॉक्टरकडे मी नेते. कुत्रा राहिला, निनाद. तुझ्या खोक्यामुळे राहिला. खोका आला नसता तर कृष्णाबाई आत यायच्या आधीच तो तळोज्याला गेला असता.

एवढं खरं लिहिल्यावर मला धीर आलाय. तुलाही काही सांगायचं असेल तर सांग. मी तुला कधीच विचारलं नाही की तुमच्या दोघांत काय झालं. तू म्हणालास, ती सोडून गेली, मी तेवढ्यावर थांबले. अजून एक शब्द विचारला तर तूही जाशील असं वाटायचं. न विचारताही गेलासच.

तुझी
आई


४ जानेवारी २०१०

निनाद,

नव्या वर्षाचं कार्ड मिळालं. खाली हाताने लिहिलेल्या तीन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. "पत्रं मिळाली. मी कुठलाही खोका पाठवलेला नाही. कुत्रा कोणाला तरी देऊन टाक, उगाच डोक्याला ताप."

मग मी दोन महिने कोणाचे आभार मानत होते?

बाकी काही लिहीत नाही. तब्येत सांभाळ.

आई


६ जानेवारी २०१०

मिताली,

काय म्हणून सुरुवात करावी ते ठरेना, म्हणून नुसतं नाव.

तुझा पत्ता कृष्णाबाईच्या विनिताने दिला. काल कृष्णाबाईबरोबर ती ओट्यावर आली तेव्हा मी तिला सरळ विचारलं, खोका कोणी पाठवला? पोरगी लाल झाली. म्हणाली, "मावशी, मिताली वैनीनं शप्पथ घातली होती." पनवेलला कॉम्प्युटरच्या क्लासला जाते तिथून ती तुला ऑर्कुटवर लिहिते, सुकट्याची खबर देते, हे मला काल कळलं. कल्पेशचा हात, दादूची धमकी, सगळं तिनेच तुला कळवलं. सख्ख्या भावाचा हात मोडणारा कुत्रा वाचावा म्हणून तिने तुला लिहिलं आणि तू तो खोका पाठवलास. आणि तिला सांगितलंस, आईंना सांगू नकोस, त्या खोका तसाच परत करतील.

बरोबर ओळखलंस. परत केला असता. न उघडता, दुप्पट टपाल भरून. आणि सुकट्या आज नसता.

तो ट्रान्सफॉर्मर बघून मी माझ्या मुलाचं केवढं कौतुक केलं ते तुला सांगायची लाज वाटते. ज्याने कधी केलं नाही त्याचं दोन महिने करत बसले, आणि जिने केलं तिचं नाव लिहायला पेन अडत होतं. सुकट्या तुझा आहे. तुला हवा असेल तर तुझा, इथे राहिला तर माझा. तू येऊन सांग, किंवा न येता सांग.

खरं पत्र आता सुरू होतं. दोन वर्षांपूर्वी तू फोन केला होतास. दुपारची वेळ होती, म्हणजे तुझ्याकडे मध्यरात्र. तू म्हणालीस, "आई, मी निनादचं घर सोडलंय. का सोडलं ते मला तुम्हाला सांगायचंय, तुम्ही फक्त ऐका." तुझा आवाज बसलेला होता. मी म्हटलं, "मला आता आई म्हणू नकोस," आणि रिसीव्हर ठेवला. तू लगेच पुन्हा केलास. मी वाजू दिला. बारा वेळा वाजला, मी मोजलं.

आमच्या खात्यात एक नियम होता. दोन्हीकडची माणसं बोलून मोकळी होत नाहीत तोवर ऑपरेटरने लाइन तोडायची नाही. कुणी रडत असो, भांडत असो, नुसतं गप्प असो. एकतीस वर्षांत हजारो अनोळखी माणसांसाठी मी तो पाळला आणि एकदाच मोडला, माझ्या घरातल्या फोनवर, माझ्या सुनेशी.

तुला काय सांगायचं होतं ते मला आजही माहीत नाही. मी अंदाज करते आणि अंदाज पुरा व्हायच्या आत उठून कामाला लागते. निनाद माझा मुलगा आहे, ते बदलणार नाही. तू जे सांगशील ते मला सोसवेल का, हेही सांगता येत नाही. पण ऐकायचं आहे. तुला अजून सांगावंसं वाटत असेल तर फोन कर, नंबर तोच आहे. ऐकताना मी मध्येच गप्प होईन. गप्प झाले म्हणजे ठेवला असं समजू नकोस, मी असेन. ठेवायचा तेव्हा तू ठेव.

पद्मजा